सॅम्पलवर आधारित संगीताचा प्रबंध: शीर्षक ठरवायचं कसं

विद्यापीठात शीर्षक आधी नोंदवावं लागतं आणि प्रबंध मागाहून लिहिला जातो. या उलट्या क्रमाचा त्रास सगळ्याच विषयांना होतो, पण सॅम्पलवर आधारित संगीताला जरा जास्त, कारण इथे मूळ शब्दालाच चार अर्थ चिकटलेले आहेत. बाहेरचा परीक्षक प्रबंध हातात घेतो तेव्हा त्याच्याकडे मोजपट्टी असते ती शीर्षकाची. ‘तुम्ही शीर्षकात अमुक म्हटलंय, ते आत कुठे आहे?’ हा मौखिकीतला ठरलेला प्रश्न. म्हणून कसोटी एकच ठेवा: शीर्षकातल्या प्रत्येक शब्दामागे आत एक प्रकरण, निदान प्रकरणाचा ठळक भाग हवा. नसेल तर शब्द काढा, किंवा प्रकरण लिहा.

पुढे एकच उदाहरण धरून चालू: हिंदी चित्रपटगीतांचे तुकडे वापरून अमेरिकेत तयार झालेली गाणी. या विषयावर विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी लिहून आणलेलं शीर्षक बहुधा असं असतं:

‘पाश्चात्त्य संगीतावरील भारतीय संगीताचा प्रभाव: सॅम्पलिंगच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास’

भारदस्त आहे, पण यातला जवळजवळ एकही शब्द टिकणार नाही.

पहिली पायरी: कोणतं ‘सॅम्पल’?

संशोधनपद्धतीच्या पेपरात सॅम्पलिंग म्हणजे नमुना-निवड. शीर्षकात नुसतं ‘सॅम्पलिंग’ असेल तर ग्रंथालयाच्या सूचीत तुमचा प्रबंध सर्वेक्षणं आणि संख्याशास्त्र यांच्या गर्दीत हरवेल. ध्वनितंत्रात सॅम्पल म्हणजे ध्वनिलहरीचं एका क्षणाला घेतलेलं मोजमाप. सीडीवर ही मोजमापं सेकंदाला ४४,१०० असतात. तिसरा अर्थ की-बोर्डवर वाजणाऱ्या वाद्यांचा. सतारीचा एकेक सूर मुद्रित करून कळफलकावर बसवतात आणि पार्श्वसंगीतात सतारवादकाशिवाय सतार ऐकू येते. तेही सॅम्पलवर आधारित संगीतच. चौथा अर्थ आपला: आधीच प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा कापून, त्यावर नवं गाणं उभं करणं.

यावर उपाय म्हणून ‘नमुनाधारित संगीत’ असं भाषांतर करायचा मोह होतो. करू नका. ‘नमुना’ म्हटलं की वाचक पुन्हा संख्याशास्त्राकडेच वळतो. ‘सॅम्पल’ हा शब्द तसाच ठेवा आणि त्याला एक शब्द जोडा, जो अर्थ पक्का करील: ‘ध्वनिमुद्रिकांतील सॅम्पल’, ‘गीतांचे सॅम्पल’, ‘सॅम्पलवर आधारित हिप-हॉप’.

चौथा अर्थ ठरला तरी शेजारची घरं उरतात. मूळ सुरावट नव्याने वाजवून घेतलेली असेल तर ते सॅम्पल नव्हे, इंटरपोलेशन. १९७९ सालचं ‘रॅपर्स डिलाइट’ हे इथलं नेहमीचं उदाहरण. या रॅप गाण्यातली ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची बेस-गिटारची सुरावट वादकांनी स्टुडिओत पुन्हा वाजवली होती, तबकडीवरून उचलली नव्हती. शीर्षकात ‘सॅम्पल’ असेल तर हे गाणं अभ्यासाबाहेर जातं, ‘सांगीतिक उसनवारी’ असेल तर आत येतं. रीमिक्स, कव्हर आणि आपल्याकडे ज्याला चाल उचलणं म्हणतात ते, या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारा: मूळ मुद्रणातला प्रत्यक्ष आवाज नव्या गाण्यात आहे का? हा भेद कायद्यातही आहे. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. सॅम्पल घेताना दोन्हींची परवानगी लागते, नव्याने वाजवून घेतलं तर रचनेची पुरते.

दुसरी पायरी: आधी प्रश्न, मग शीर्षक

थेट शीर्षक लिहायला बसलं की ‘प्रभाव’, ‘योगदान’, ‘महत्त्व’ अशी नामं जमतात. त्याऐवजी कागदावर प्रश्नचिन्हाने संपणारं एक पूर्ण वाक्य लिहा. क्रियापद असलंच पाहिजे. आपल्या उदाहरणात:

‘हिंदी चित्रपटगीतांतला गायिकेचा आवाज कापून आपल्या गाण्यात बसवताना अमेरिकन निर्मात्यांनी त्याची लांबी, पट्टी आणि शब्द यांचं काय केलं?’

या वाक्यात कर्ता आहे (निर्माता म्हणजे इथे गाण्याचं मुद्रण घडवणारा, ‘प्रोड्यूसर’), वस्तू आहे, आणि काय मोजायचं तेही आहे. ‘प्रभाव’ हा शब्द कुठेच आला नाही, आणि ते बरंच झालं. प्रभाव सिद्ध करायचा तर ‘ही गीतं नसती तर अमेरिकन संगीत वेगळं झालं असतं’ असं दाखवावं लागतं. एखाद्या गाण्यात लता मंगेशकरांच्या आवाजाचा तुकडा आहे म्हणून एका देशाच्या संगीतावर दुसऱ्याचा प्रभाव पडला असं होत नाही. ‘परिणाम’ हा शब्दही तितकाच महाग आहे. त्याबद्दल पुढे.

तिसरी पायरी: चार रकाने भरा

वहीचं पान उभं दुमडा आणि चार रकाने करा: नवी गाणी कोणती, तुकडे कुठून आले, काळ कोणता, कशाच्या अंगाने पाहणार. प्रत्येक रकान्यात तीन-तीन पर्याय लिहा, सगळ्यात रुंद वर आणि सगळ्यात अरुंद खाली. शीर्षक बहुतेक वेळा मधल्या किंवा खालच्या ओळीतून तयार होतं.

नवी गाणी. ‘पाश्चात्त्य संगीत’ म्हणजे बाखपासून बीटल्सपर्यंत सगळं, तेव्हा ते बाद. ‘अमेरिकन हिप-हॉप’ बरं वाटतं, पण लगेच अडचण येते. या विषयातलं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे ट्रुथ हर्ट्सचं २००२ सालचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’. त्यात १९८१च्या ‘ज्योती’ चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा जवळजवळ गाणंभर फिरत राहतो. पण ट्रुथ हर्ट्स ही आर-अँड-बी (रिदम अँड ब्लूज) या गायनप्रधान प्रकारातली गायिका. रॅप येतं ते पाहुण्या रकीमच्या वाट्याला. शीर्षकात फक्त ‘हिप-हॉप’ लिहिलंत तर तुमचं मुख्य उदाहरणच काठावर लटकतं. ‘हिप-हॉप आणि आर-अँड-बी’ लिहा. ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ आणखी पेचात टाकतं. त्यात ‘एक दूजे के लिए’मधल्या ‘तेरे मेरे बीच में’ची तंतुवाद्यांची लकेर आहे, गायिका अमेरिकन, निर्माते स्वीडिश, प्रकार पॉप. ‘अमेरिकन’ हे विशेषण गायकाला लावताय, निर्मात्याला की कंपनीला, हे पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदात सांगा आणि मग तसंच पाळा.

स्रोत. ‘भारतीय संगीत’ म्हटलं की परीक्षक राग विचारणार, आणि त्याचं चुकणार नाही. ‘बॉलिवूड’ हा शब्द सुटसुटीत आहे, पण त्यात गाणं, नाच, सिनेमा, उद्योग सगळंच येतं. ‘हिंदी चित्रपटगीते’ नेमकं आहे. ‘हिंदी पार्श्वगायिका’ लिहू नका: लता मंगेशकर आणि आशा भोसले यांना हिंदी गायिका ठरवणारं विशेषण महाराष्ट्रातल्या मौखिकीत तरी महागात पडेल. ‘हिंदी चित्रपटगीतांतील गायिकांचा आवाज’ असं फोडून लिहिलं की विशेषण गीताला लागतं, व्यक्तीला नाही. ‘स्त्रीस्वर’ हा शब्द दिसायला देखणा आहे, पण संगीताच्या प्रबंधात ‘स्वर’ म्हणजे षड्ज, रिषभ, गंधार. वाचक क्षणभर गोंधळतो. ‘आवाज’च बरा.

काळ. सॅम्पलच्या अभ्यासात घड्याळं दोन असतात: मूळ गीताचं वर्ष आणि नव्या गाण्याचं वर्ष. ‘(१९६९–२००५)’ असा कंस टाकला तर वाचकाला वाटतं तुम्ही छत्तीस वर्षांचा इतिहास लिहिणार. शीर्षकात एकच घड्याळ ठेवा, सहसा नव्या गाण्यांचं, दुसरं प्रस्तावनेत. दोन्ही टोकांच्या वर्षांना कारण हवं. ‘दहा वर्षं होतात म्हणून’ हे कारण नव्हे. आपल्या उदाहरणात २००२ ते २००५ घेता येईल. २००२ हे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’चं वर्ष. २००५मध्ये अमेरिकेच्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ‘ब्रिजपोर्ट’ खटल्यात ध्वनिमुद्रिकेतला लहानसा तुकडा घ्यायलाही परवाना लागेल असा निकाल कायम केला. वाद होता फंकाडेलिक या बँडच्या गाण्यातल्या सुमारे दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्याचा. अशी टोकं असली की ‘हाच काळ का?’ या प्रश्नाचं उत्तर शीर्षकातच बसलेलं असतं.

अंग. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘सांगीतिक, सांस्कृतिक, सामाजिक आणि कायदेशीर’ अशी चार विशेषणं एका दमात येतात आणि चारही प्रकरणं उथळ होतात. लघुप्रबंधाला एक अंग पुरे. पीएच.डी.ला दोन, आणि तीही एकमेकांत गुंतलेली. आपल्या प्रश्नात लांबी, पट्टी आणि शब्द आहेत, म्हणजे अंग सांगीतिक विश्लेषणाचं. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’वर मूळ गीताचे संगीतकार बप्पी लाहिरी यांचं श्रेय न दिल्याबद्दल खटला झाला आणि २००३मध्ये न्यायालयाने श्रेय दिल्याशिवाय अल्बमची विक्री थांबवण्याचा आदेश दिला, ही माहिती पार्श्वभूमीत येईल. शीर्षकात ‘कायदा’ आला की मात्र नुसता हा खटला पुरत नाही. मग भारताचा १९५७चा प्रताधिकार कायदाही उघडावा लागतो.

चौथी पायरी: निकाल देणारे शब्द चाळून काढा

‘चोरी’, ‘उसनवारी’, ‘पुनर्वापर’, ‘संवाद’, ‘आदरांजली’, ‘कोलाज’. हे शब्द सारख्या अर्थाचे वाटतात, पण प्रत्येकात एक निवाडा दडलेला आहे. ‘चोरी’ लिहिलंत की पान उघडण्याआधीच शिक्षा झाली. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या सॅम्पलच्या खटल्यातल्या निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. न्यायाधीशाला ते शोभलं असेल, संशोधकाला शोभत नाही. दुसऱ्या टोकाला ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ आहे. संवादाला दोन बाजू लागतात. ज्या गायिकेला आपला आवाज वापरला गेल्याचं विचारलंही गेलं नाही, तिच्याशी संवाद झाला असं म्हणता येत नाही. ‘वापर’ हा कोरडा शब्द त्यातल्या त्यात प्रामाणिक.

मराठी प्रबंधांची खास शेपटंही इथेच तपासा. ‘एक चिकित्सक अभ्यास’ या तीन शब्दांनी काहीच कळत नाही; चिकित्सा नसेल तर तो प्रबंधच नव्हे. ‘तौलनिक’ लिहिलंत तर दोन बाजूंना जवळपास सारखी पानं द्यावी लागतात. ‘उद्गम आणि विकास’ लिहिलंत तर १९४८मध्ये पियर शेफर या फ्रेंच संगीतकाराने पॅरिसमध्ये आगगाड्यांच्या मुद्रित आवाजांतून केलेल्या रचनेपासून सुरुवात करा, मग हिप-हॉप जिथे जन्मलं त्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये या, तोवर वर्ष संपलेलं असेल. आणि ‘…च्या विशेष संदर्भात’ ही तर पळवाट आहे. आधी समुद्र मागायचा आणि मग हळूच म्हणायचं की आम्ही फक्त हा तांब्या भरणार. तांब्याच भरायचा असेल तर शीर्षकात तांब्या लिहा.

संगीताचे आपले शब्द वापरतानाही सावध राहा. सॅम्पलच्या ‘लूप’ला, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्याला, ‘आवर्तन’ म्हणण्याचा मोह होतो, पण आवर्तनाला सम असते आणि निर्माता लूप कुठूनही कापू शकतो. ‘ब्रेक’ला, म्हणजे गाण्यात फक्त ड्रम वाजतात त्या भागाला, ‘ठेका’ म्हटलं की तबलावाले हरकत घेतात, रास्त हरकत. १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमनने वाजवलेला ड्रम-ब्रेक चार बारचा आहे; त्याला ‘चार मात्रांचा तुकडा’ म्हणणारा मजकूर चुकीचा, कारण एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे एकूण सोळा.

पाचवी पायरी: शीर्षक जुळवा आणि मोजा

आता रकाने जोडू. पहिली जुळणी:

‘अमेरिकन हिप-हॉप आणि आर-अँड-बी गाण्यांतील हिंदी चित्रपटगीतांच्या सॅम्पलचा वापर (२००२–२००५)’

काय आणि कधी हे कळतं, अंग कळत नाही. शिवाय ‘सॅम्पलचा वापर’ यात ‘वापर’ दोनदा झाला, कारण सॅम्पल म्हणजेच वापरलेला तुकडा. दुसरी जुळणी:

‘अमेरिकन हिप-हॉप आणि आर-अँड-बी गाण्यांत सॅम्पल झालेला हिंदी चित्रपटगीतांतील गायिकांचा आवाज (२००२–२००५): लांबी, पट्टी आणि शब्द यांचे विश्लेषण’

हे लांब आहे, पण मोडत नाही. वर्षं सोडली तर सोळा-सतरा शब्द होतात. मराठीत अठराच्या वर जाऊ नये. शीर्षकात प्रमाण रूपंच ठेवा: ‘यांचं’ नव्हे, ‘यांचे’. ‘आवाज’ शब्दामुळे ‘टॉक्सिक’ची तंतुवाद्यं आपोआप बाहेर गेली, हेही पाहा. चांगलं शीर्षक काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं ते आधी सांगतं.

आता कसोटी लावा. ‘लांबी, पट्टी आणि शब्द’ यांचं वचन दिलंय, तर प्रत्येक गाण्यासाठी नोंद हवी: तुकडा मूळ गीतात कितव्या मिनिट-सेकंदाला सुरू होतो, किती सेकंदांचा आहे, नव्या गाण्यात किती वेळा फिरतो, वेग किती टक्क्यांनी बदलला, पट्टी किती सेमीटोनने (सेमीटोन म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) वर-खाली झाली, शब्द मध्येच तुटला का. पट्टी मोजायला सूत्र सोपं आहे. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर वाजवली तर वेग १.३५ पट होतो आणि आवाज सुमारे ५.२ सेमीटोन चढतो. मात्र संगणकावर पट्टी आणि वेग वेगवेगळे बदलता येतात, म्हणून दोन्ही स्वतंत्र मोजा. एका गाण्याचं हे काम नीट करायला तीन-चार दिवस जातात. या हिशेबाने लघुप्रबंधात सहा ते दहा गाणी पुरेशी. त्यासाठी ‘निवडक’ हा शब्द शीर्षकात घाला आणि निवडीचा निकष आत लिहा. ‘समग्र’ कधीच लिहू नका. कोणत्या गाण्यात कोणतं सॅम्पल आहे याची माहिती बहुतेक ठिकाणी रसिकांनी भरलेल्या ‘हूसॅम्पल्ड’सारख्या सूचीतून येते, तिथे नोंदच नसलेले तुकडे असतात आणि इंटरपोलेशनची नोंद सॅम्पल म्हणूनही झालेली असते. सूची शोधायला वापरा, खात्री कानाने करा.

विसर्गासारखी दिसणारी ती दोन टिंबं, म्हणजे अपूर्णविराम, आणखी एक सापळा. ‘रेशमी धागे: …’ असं काव्यमय काही डावीकडे आणि खरी माहिती उजवीकडे, ही रीत लोकप्रिय आहे. अनेक सूच्या आणि याद्या लांब शीर्षक मध्येच तोडतात, आणि तुटतो तो उजवा भाग. उरतं काय, तर वस्त्रोद्योगावरचा प्रबंध. काव्य हवंच असेल तर ते प्रकरणाच्या नावात करा.

हीच पद्धत दुसऱ्या विषयांना लावली तर

विषय यंत्राचा असेल, तर १९८७चं ‘एसपी-१२००’ हे सॅम्पल मुद्रित करून वाजवणारं यंत्र घ्या. १२ बिट, सुमारे २६ किलोहर्ट्झ (सेकंदाला सुमारे २६ हजार मोजमापं), आणि सगळ्या तुकड्यांना मिळून जेमतेम दहा सेकंदांची जागा. जागा वाचवायला निर्माते तबकडी वेगाने फिरवून मुद्रित करत आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवत. त्यातून तो खरखरीत पोत आला. ‘एसपी-१२००च्या स्मृतिमर्यादेचा सॅम्पलच्या मांडणीवरील परिणाम’ हे शीर्षक आकर्षक आहे, पण ‘परिणाम’ लिहिलंत की दुसऱ्या यंत्रावर, उदाहरणार्थ १९८८च्या ‘एमपीसी-६०’वर, केलेली गाणी शेजारी ठेवून फरक दाखवावाच लागेल. तेवढा वेळ नसेल तर ‘स्मृतिमर्यादा आणि सॅम्पलची मांडणी’ लिहा. ‘आणि’ स्वस्त आहे.

विषय कायद्याचा असेल, तर भूगोल शीर्षकात आलाच पाहिजे. २०१६मध्ये अमेरिकेच्याच नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या ०.२३ सेकंदाच्या हॉर्नच्या तुकड्याबाबत ‘ब्रिजपोर्ट’च्या उलट भूमिका घेतली. २०१९मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या १९७७च्या गाण्यातल्या दोन सेकंदांबद्दल तिसरंच सांगितलं: कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला तुकडा ही प्रत ठरत नाही. नुसतं ‘सॅम्पलिंग आणि कायदा’ लिहिलं तर या तिघांचीही आणि भारताचीही जबाबदारी तुमच्यावर.

सहावी पायरी: हेच शीर्षक आधी कुणी घेतलंय का

‘शोधगंगा’वर पूर्ण झालेले प्रबंध पाहा आणि ‘शोधगंगोत्री’वर संशोधन-आराखडे. शोधताना एकच लेखन टाकून थांबू नका: सॅम्पल, सँपल, सॅम्पलिंग, हिप-हॉप, हिपहॉप, हिप हॉप, आणि रोमन लिपीतली रूपंही. जवळचा विषय सापडला तर घाबरायचं कारण नाही. चार रकान्यांपैकी दोन वेगळे असतील तर तुमचा प्रबंध वेगळा आहे. एकच वेगळा असेल तर मार्गदर्शकांशी बोला.

सातवी पायरी: नोंदणी आणि दोन भाषा

प्रबंध मराठीत असला तरी अर्जावर इंग्रजी शीर्षक बहुधा मागतात, आणि ते घाईत लिहिलं जातं. मराठीत ‘निवडक’ आणि इंग्रजीत तो शब्द गायब, मराठीत ‘आवाज’ आणि इंग्रजीत ‘संगीत’, असं झालं की दोन वेगळ्या प्रबंधांची नोंद झाली. दोन्ही शीर्षकं शेजारी ठेवून शब्दाखाली शब्द जुळवा.

आराखडा देताना शीर्षकात थोडी हालचालीची जागा ठेवा. गाण्यांची संख्या आणि कलाकारांची नावं सहसा शीर्षकात नकोत: काम करताना एखादं सॅम्पल इंटरपोलेशन निघतं आणि दहाची नऊ गाणी होतात. पण ‘सॅम्पल’ हा शब्द, स्रोत आणि काळ आधीच पक्के करा, कारण हे नंतर बदलायला समितीची मंजुरी लागते. बदल करायचाच झाला तर प्रबंध बांधायला देण्याआधी अर्ज करा आणि मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच मुखपृष्ठ छापा.

मुखपृष्ठावर ओळ अर्थाच्या ठिकाणी तोडा. ‘हिप-हॉप आणि’ एका ओळीत आणि ‘आर-अँड-बी’ पुढच्या ओळीत अशी फूट नको. अपूर्णविरामानंतरचा भाग नव्या ओळीवर, लहान टंकात. मग नोंदणीपत्र, मुखपृष्ठ, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि पीडीएफ फाइलमधलं शीर्षक ही पाच ठिकाणं एकापुढे एक ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. चूक बहुधा ‘सॅम्पल’च्या चंद्रात किंवा ‘हिप-हॉप’च्या संयोगचिन्हात सापडते.